कुताईसीचं वडाप

"एवढ्या थोरल्या गाडीत दोनच शिटा?" हे म्हणाले, आणि मला तिथंच कळलं की आजचा दिवस सरळ जाणार नाही.

तिबिलिसीचं विमानतळ. जॉर्जिया देशाची ही राजधानी. सकाळचं कोवळं ऊन, आणि दाराबाहेर पाट्या धरून उभ्या असलेल्या माणसांत झाझा नावाचा एक ड्रायव्हर. माणूस कपाटासारखा रुंद. त्याच्या पाटीवर माझं नाव होतं. मालन कदम. इंग्रजीत असलं तरी स्वतःचं नाव माणसाला वाचता येतंच. ह्यांचं नव्हतं, माझं होतं. आमच्या ट्रॅक्स जीपवर पुढच्या काचेवर देवाचं नाव, मागच्या काचेवर लेकीचं, दारावर सासऱ्यांचं. मी सोडून सगळं खानदान त्या गाडीवर रंगवलेलं होतं. त्यामुळं ती पाटी बघत मी जरा वेळ उगाच उभी राहिले.

लेकीनं, म्हणजे ऋतुजानं, आमच्यासाठी छोटी गाडी ठरवली होती. ती ऐनवेळी बंद पडली म्हणून त्या लोकांनी ही मोठी व्हॅन पाठवली. दुसरं कुणी असतं तर पाय पसरून बसलं असतं. हे गाडीभोवती फेरी मारून आले, काचेला कपाळ टेकवून आतली बाकं बघितली आणि झाझाला मराठीत विचारलं, "तुमचा नंबर कधी लागणार?"

झाझा हसला. त्याला वाटलं, पाहुणे रामराम करतायत.

माझे मालक, बाजीराव कदम, मायणी ते विटा वडाप चालवायचे. आमच्याकडं एसटी चुकली की माणूस ज्या जीपला हात करतो, ते वडाप. ते भरल्याशिवाय हलत नाही. आणि भरल्यावरही हलत नाही, कारण भरलेल्या गाडीत अजून एक शीट बसतं, असा वडापवाल्याचा धर्मच आहे. शीट म्हणजे तुम्ही-आम्ही. वडापवाल्याला जगात दोनच प्रकारची माणसं दिसतात, बसलेली आणि बसायची राहिलेली.

ह्या धर्मात बायकोची जागाही ठरलेली असते. निघताना मी पुढं बसायचे. म्हातारंकोतारं आलं की मधल्या बाकावर. तिथं दाटी झाली की मागं, आणि मागंही भरलं की स्टेपनीवर. "मालन, जरा मागं सरक." लग्नाच्या दिवसापासून हे ऐकत आले. हो, लग्नाच्या दिवशीसुद्धा. सासरी येताना ह्यांनी वाटेतली माणसं उचलली; नवरा स्टिअरिंगवर, नवरी पार मागं, आणि मधे बाजाराला निघालेली कोंबड्यांची पाटी. ऋतुजाच्या वेळी मला कळा सुटल्या आणि दवाखान्याला निघालो, तर फाट्यावर ह्यांनी ब्रेक मारला. लोक म्हणतात मी तिखटमीठ लावून सांगते. कशाला लावू? त्या फाट्यावर चढलेली पारूबाई आहे अजून, जाऊन विचारा. तिनंच माझा हात धरला होता.

दाटीवाटीचं काही वाटत नव्हतं. खटकायचा तो उशीर. एवढ्या वर्षांत मी कुणाच्या लग्नात अक्षता टाकल्या नाहीत, सख्ख्या बहिणीच्यासुद्धा नाहीत. आम्ही पोचायचो ते पंगतीला. ऋतुजा दहावीला केंद्रात पहिली आली तेव्हा शाळेनं सत्कार ठेवला. आम्ही गेलो तर शिपाई खुर्च्या उचलत होता आणि पोर हातात नारळ घेऊन फाटकाशी उभी होती. रडली नाही की बोलली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आणि आता ती डॉक्टर होणार होती, कुताईसी नावाच्या गावात, राजधानीपासून चार तासांच्या वाटेवर. मुलगी परदेशात डॉक्टर झाली म्हटलं की लोक आधी पैशाचं विचारतात. ते मी कुणाला सांगत नाही, इथंही सांगणार नाही. आदल्या दिवशी फोनवर ती एवढंच म्हणाली होती, "आई, माझं नाव पुकारतील तेव्हा तू खुर्चीत बसलेली पाहिजेस. बाकी काही नको मला." कार्यक्रम दुपारी तीनला. वेळ पुरेसा होता, उधळायला नव्हता.

मी पुढच्या सीटवर बसले आणि पट्टा लावून टाकला. हे पोती मागं टाकतो म्हणाले. चिवडा, बेसनाचे लाडू, लोणचं, सगळं पोत्यांत भरून आणलं होतं. पोती चढली आणि हे गायब झाले.

थोड्या वेळानं बसथांब्याकडून आवाज आला. "कुताईसी, कुताईसी, कुताईसी." विट्याच्या स्टँडवर मिळेल तो सूर, तीच घाई, शेवटच्या अक्षराला तोच हेल. पांढरी टोपी घालून माझा नवरा परक्या देशाच्या विमानतळावर शिटा भरत होता. त्याला वाटत होतं की झाझाला हे काम जमत नाही म्हणून तो बिचारा पाटी धरून नुसताच उभा आहे.

परत आले ते एका म्हातारीला हाताला धरून. काळा झगा, काळा रुमाल, गुडघ्यांचा पार भुगा झालेला, हातात चीजचा डबा. मागं पाठीवर पिशवी लावलेली एक पोरगी, तिचं नाव निनो. दोघींना कुताईसीलाच जायचं होतं. झाझानं हात पसरले, पाटी दाखवली, माझ्याकडं बोट केलं, त्याच्या भाषेत बरंच काही बोलला. मग ऋतुजाला फोन लावून ह्यांच्या कानाला दिला. तिचा आवाज मला पुढच्या सीटवर ऐकू येत होता. आप्पा, ती आपली ठरवलेली गाडी आहे, तिच्यात दुसरं कुणी बसत नाही, हे तिनं तीनतीनदा सांगितलं.

हे शांतपणे म्हणाले, "आगं, म्हातारीला असल्या गुडघ्यानं रांगंत हुबं ऱ्हायला लावू? गाडी मोकळी पळवायची आन् माणूस रस्त्यावर, हे मला न्हाय जमायचं. पैसा घ्यायचा न्हाय मी कुणाचा." आणि फोन बंद केला.

म्हातारीला पुढची सीट मीच दिली. माणुसकी मलाही आहे. मधल्या बाकावर गेले आणि खिडकीला चिकटून बसले.

मला वाटलं होतं झाझा चिडेल. पण निनोच्या फोनची एक गंमत होती. ती तिच्या भाषेत बोलायची आणि फोन हिंदी बोलायचा. आपल्याकडची इतकी पोरं तिथं शिकतात की तिला ती सोय ठाऊक होती. तिनं हे काय करतात ते विचारलं, झाझाला सांगितलं, आणि झाझानं गाडी चालवता चालवता मागं हात करून ह्यांचा खांदा दाबला. तोही आधी वडापच चालवायचा. तिकडं त्याला मार्शुत्का म्हणतात. व्हॅन असते एवढाच फरक. बाकी भरल्याशिवाय हलायचं नाही हे तेच. दोन देशांतले दोन वडापवाले एकमेकांना भेटले आणि मी ओळखलं, आता ह्या गाडीत माझ्या बाजूनं कुणी नाही.

मग काय, रस्त्यावर हात दिसला की गाडी थांबायला लागली. सुट्टीवर निघालेला एक शिपाईगडी चढला. चेरीच्या बादल्या घेऊन दोन बायका चढल्या. हे दार उघडायचे, माणूस चढवायचे, दार आपटायचे आणि पत्र्यावर दोन थापा मारायचे. त्या दोन थापांचा अर्थ झाझाला पहिल्याच वेळी कळला. मी मधल्या बाकावरून मागच्यावर गेले, मागच्याच्या मधून कोपऱ्यात गेले, आणि शेवटी चिवड्याचं पोतं मांडीवर घेऊन बसले. गाडीत मात्र लग्नघर झालं होतं. चिवडा पुढं गेला, चेरी मागं आल्या, म्हातारीनं चीजचे तुकडे वाटले. लोणच्याची फोड खाऊन शिपाईगड्याच्या डोळ्यांत पाणी आलं तरी त्यानं दुसरी मागितली. हे सगळ्यांच्या मधे पाटलासारखे बसले होते. खरं सांगते, एवढं खूष मी त्यांना आमच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

मी घड्याळ बघत होते.

शिपाईगड्याला त्याच्या घराच्या दारात सोडलं, कारण त्याची आई दारात उभी असेल म्हणे. ती होती, तिनं सगळ्यांना सरबत पाजलं. चेरीवाल्या बायकांचं गाव मुख्य रस्ता सोडून आत निघालं, कच्च्या वाटेनं, गुरांच्या मागून. उतरलेल्यांच्या जागी कुताईसीचीच दुसरी माणसं चढली आणि गाडी भरलेलीच राहिली. झाझानं एकदा माझ्याकडं आरशातून बघितलं, मी बोटानं मनगटावर टकटक केलं, त्यानं मान हलवली आणि तेवढ्यात ह्यांनी त्याला आमचा हॉर्न कसा वाजतो ते तोंडानं वाजवून दाखवलं. मान हलवलेली विरून गेली.

ऋतुजाचा फोन आला तेव्हा आम्हाला अजून घाट चढायचा होता. मी सांगितलं कुठं आहोत ते. ती म्हणाली, "बरं. सावकाश या."

फोन ठेवला. सावकाश या. पोर आरडाओरडा करती, बापाला शिव्या घालती तर मी समजले असते. ती शाळेच्या फाटकाशी उभी राहायला शिकली होती आणि आता ती तिथंच जाऊन उभी राहिली होती, पदवीचा काळा झगा घालून.

घाटाच्या पायथ्याला रस्त्याच्या कडेनं गोड पावांची दुकानं लागतात. दालचिनीचा वास गाडीत शिरला. तिथं एक माणूस उभा होता, आणि त्याच्या बाजूला गुंडाळून दोरीनं बांधलेली गादी उभी होती, त्याच्याएवढीच उंच. त्यानं हात केला. गाडी थांबली. ह्यांनी उतरून गादीची उंची बघितली, गाडीची बघितली, आणि खिडकीतून आत वाकून मला म्हणाले, "मालन, जरा मागं सरक."

माझ्या मागं काच होती. काचेच्या मागं रस्ता होता.

"नाही," मी म्हटलं.

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटलं. ऐकायची सवयच नव्हती त्या शब्दाची. परत म्हणाले, "आगं, गादी उभी बसंल, तू फकस्त पोतं खाली घे आन्—"

"मी सरकणार नाही."

"मग ह्यो कुठं बसंल?"

"तुमच्या जागेवर."

हे हसले. गाडीतले सगळे आमच्याकडं बघायला लागले. भाषा कळत नसली तरी नवराबायकोचं भांडण कुठल्याही देशात कळतं.

"आन् मी?" ह्यांनी विचारलं.

"तुम्ही उतरलेलाच आहात," मी म्हटलं. "दुसरी गाडी येईल. भरा आणि या."

मी पोतं बाजूला ठेवलं, उठले, वाकत वाकत पुढं आले आणि ह्यांच्या जागेवरची त्यांची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. गादीवाल्याला हातानं बोलावलं. तो ह्यांच्याकडं बघत बघत चढला. गादी ह्यांच्या जागेवर उभी राहिली. मग मी सरकतं दार धरलं आणि ओढलं. ते जड होतं, पण दारं आपटायचं काम मी आयुष्यभर बघत आले होते.

झाझा एकदा त्यांच्याकडं बघायचा, एकदा माझ्याकडं. त्याचा धर्म आणि त्याचा दोस्त दोन्ही बाहेर उभे होते. मी त्याच्या सीटच्या खाचेतली पाटी काढली आणि त्याच्या पुढ्यात धरली. मालन कदम. "गो," मी म्हटलं.

आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.

गाडी सुटली. मागच्या काचेतून हे दिसत होते. पांढरी टोपी, हातात पिशवी, तोंड उघडं. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला भूक लागली. मी लाडूचं पोतं सोडलं आणि दोन लाडू खाल्ले.

काळजीचं काही कारणच नव्हतं. त्यांच्या खिशात लेकीचा नंबर होता आणि जगातलं कुठलंही वडाप थांबवेल असा हात त्यांच्याजवळ होता. असा माणूस रस्त्यावर राहत नाही.

म्हातारी पुढच्या सीटवर मान वळवून माझ्याकडं बघत होती. ती निनोला काहीतरी बोलली. निनोनं ते फोनला सांगितलं आणि फोन हिंदीत म्हणाला, आजी विचारतेय, तो तुमचा नवरा होता का. मी मान हलवली. म्हातारीनं परत काही विचारलं. फोन म्हणाला, आजी विचारतेय, हे आधी का नाही केलं.

मग आम्ही दोघी हसलो. आधी आम्ही दोघी, मग निनो, मग झाझा, मग बाकीची गाडी, आणि शेवटी गादीवाला, ज्याला काय झालं हे नीट कळलेलंही नव्हतं. बोगदा आला, अंधारातही हसू ऐकू येत होतं. झाझानं अशी गाडी हाणली की वळणावर गादी माझ्या अंगावर यायची आणि मी तिला कोपरानं जागेवर बसवायचे. गाडी कुणासाठी थांबली नाही. म्हातारीनं खिडकीतून हात करणाऱ्यांना स्वतःच नाही नाही करून टाकलं.

कॉलेजच्या आवारात गाडी शिरली तेव्हा बाहेर कुणी नव्हतं. मी धावले. नऊवारी वर खोचून, लोकांच्या पायांवर पाय देत, मिळेल त्या रांगेत घुसून एक रिकामी खुर्ची धरली. स्टेजवर एक बाई नावं पुकारत होती. माझ्या श्वासाचा आवाज मलाच एवढा येत होता की कुठलं नाव चाललंय ते कळेना. मग कळलं. त्या बाईनं 'ऋतुजा'चं काहीतरी वेगळंच केलं, पण कदम बरोबर म्हटलं.

ती आली. कागद घेतला. हात मिळवला. आणि वळून तिनं दाराकडं बघितलं.

खुर्च्यांकडं नाही, दाराकडं. आम्ही नेहमी ज्या वाटेनं यायचो त्या वाटेकडं. मी इथं तिच्या नाकासमोर बसलेली, आणि पोर दारात मला शोधत होती. मी उठून उभी राहिले. मागचा माणूस काहीतरी पुटपुटला, पुटपुटू दे. मी उभीच राहिले, तिची नजर दारावरून निघून एकेका रांगेवरून फिरत माझ्यापर्यंत येईस्तोवर.

तिनं मला बघितलं आणि तोंडावर हात धरला. कागद धरलेलाच हात.

नंतर बाहेर ती माझ्या गळ्यात पडली तेव्हा पहिलं काय विचारलं तर, आप्पा कुठायत. मी म्हटलं, उतरवलं घाटाखाली. तिला वाटलं चेष्टा करतेय. मी सगळं सांगितलं, गादीसकट. ती हसायला लागली ती पायरीवर बसूनच. हसता हसता रडली. मग मीही बसले. एवढ्या वर्षांचं ते रडणं कुठंतरी निघायचंच होतं.

सगळे फोटो काढून पांगत आले होते तेव्हा फाटकातून एक जुनाट मार्शुत्का आत आली. तिच्या पत्र्यावर बाहेरून थापा पडत होत्या. दार उघडलं आणि माणसं उतरायला लागली. गोड पावाच्या दुकानाची बाई, दोन गवंडी, काळ्या दाढीचा एक पाद्री, कडेवर पोर घेतलेली एक बाई, अजून किती. सगळ्यात शेवटी हे. खाणाखुणा करून त्यांनी आख्ख्या गाडीला सांगितलं होतं की लेक डॉक्टर होतेय, आणि गाडी आपापली गावं सोडून इथं आली होती.

हे माझ्यासमोर येऊन थांबले. मी तयारीत होते. मनात दहा वाक्यं जुळवून ठेवली होती आणि एकही सौम्य नव्हतं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

त्यांनी टोपी काढली, हातात फिरवली. "तू बसली व्हतीस न्हवं?"

"बसले होते."

"मग बेस झालं," ते म्हणाले. आणि ऋतुजाकडं बघायचं धाडस होईना म्हणून तिच्या झग्याच्या बाहीकडं बघत राहिले.

माफी वगैरे कुणी कुणाची मागितली नाही. आमच्यात ती पद्धत नाही. ऋतुजानं त्यांचा दंड धरला आणि म्हणाली, "आत या आप्पा. तुमच्यासाठी पदवी परत घेते."

हॉल रिकामा होता. स्टेजवर माईक तसाच होता. एक माणूस टेबलावरचा कपडा काढत होता, तिनं त्याला काहीतरी सांगितलं आणि तो हसून बाजूला झाला. तिनं ह्यांना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं, मला माईककडं ढकललं. "तू पुकार," म्हणाली. मी म्हटलं मला येत नाही. ती म्हणाली, आई, माझं नाव तुला येतं.

मी माईक धरला. ती पडद्याआड जाऊन उभी राहिली. हे एकटे बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. त्यांनी डावीकडं बघितलं. उजवीकडं बघितलं. मागं वळून त्या सगळ्या रिकाम्या रांगा बघितल्या. आणि उठले.

दाराकडं निघाले. मला वाटलं, रडू आलं असेल म्हणून बाहेर चाललेत. दारात उभं राहून त्यांनी हात वर केला आणि हाळी दिली. कुठल्या गावाचं नाव नव्हतं, नुसतं चला चला होतं. पाववाली आली. गवंडी आले. पाद्री झगा सावरत आला. झाझा म्हातारीला हाताला धरून आला. ती अजून गेलीच नव्हती. हे एकेकाला खांद्याला धरून खुर्चीत बसवत होते, रांग भरली की पुढच्या रांगेकडं वळत होते.

"आई," ऋतुजा पडद्यामागून म्हणाली, "पुकार की."

"थांब," मी म्हटलं. "अजून भरतायत."